साठ कार्डांचा हिवाळा

परवा उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायचं कापड आलं, लाखेच्या लाल कांड्या आल्या आणि माझ्या टेबलावर मेणबत्ती उभी राहिली. लाख वितळताना एक करपट, गोडसर वास सुटतो. तो नाकात गेला आणि मी हातातलं काम ठेवून उगीचच हसले. शेजारच्या टेबलावरून लगेच विचारणा झाली, “काय मॅडम, परीक्षा आली म्हणून कुणी हसतं होय?”

कुणी हसत नसेल. मी हसते. चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यापासून हसते.

कोल्हापुरात हे दिवस उसाचे. रस्त्यावर पुढे ट्रॅक्टर, मागे हलतडुलत दोन ट्रॉल्या, त्यांच्या मागे हॉर्न वाजवून दमलेली सगळी दुनिया. गावाबाहेर पडलं की गुऱ्हाळाच्या धुराचा वास गाडीच्या काचा बंद असल्या तरी आत शिरतो. त्याच दिवसांत आमच्या परीक्षा असतात. मी एका महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात आहे. हुद्दा बदलत गेला, खिडकी तीच राहिली, तीन नंबरची. उशिरा आलेला प्रत्येक विद्यार्थी खिडकीत वाकून सांगतो, “मॅडम, ट्रॉली उलटली.” कुणाची ट्रॉली खरंच उलटली आणि कुणाचा गजर वाजलाच नाही, हे मला त्याच्या भुवयांवरून कळतं. ही विद्या कधी उपयोगाला येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

त्या वर्षी अर्थशास्त्राच्या पेपरला एक पर्यवेक्षक सर तावातावानं विभागात आले. त्यांच्या मागे एक मुलगी होती. उंच, सावळी, रडून नाक लाल झालेली. सरांनी माझ्यासमोर एक प्लॅस्टिकची डबी आपटली. “कॉपी! स्वेटरच्या खिशात सापडली. साठ चिठ्ठ्या आहेत, सगळ्या बारीक अक्षरात.”

मी डबी उघडली. आत जाड, गुळगुळीत कार्डं होती. प्रत्येकावर एक रंगीत चित्र, कुठे राक्षस, कुठे पक्षी, कुठे जळतं जंगल, आणि चित्राखाली इंग्रजीत चार-पाच ओळी. प्राचार्यांनी मला सांगितलं, मजकूर तपासा आणि अहवाल द्या. कॉपी ठरली तर मुलीचं वर्ष जाणार होतं.

मुलीचं नाव ऋतुजा. मुरगूडची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. मी तिला समोर बसवलं आणि कार्डं वाचायला घेतली. पहिलं वाचलं, दुसरं वाचलं. अभ्यासक्रमातलं काही नव्हतं, ते पाच कार्डांतच कळलं. पण नियम म्हणजे नियम, साठही वाचायची होती. विसाव्या कार्डाला माझ्या लक्षात आलं की ही कार्डं एकमेकांशी बोलतायत. एक सांगतं, दोन कार्डं उचल, एक टाकून दे. दुसरं सांगतं, टाकून दिलेलं कार्ड मला परत आणता येतं. मी मागे गेले, पहिलं पुन्हा काढलं. दोन्ही शेजारी ठेवली.

“हे दोन्ही हातात असतील तर आधी कुठलं खेळायचं गं?” मी विचारलं.

ऋतुजाचं रडणं थांबलं. तिनं स्वेटरच्या बाहीनं नाक पुसलं आणि म्हणाली, “त्योच तर प्रश्न हाय की मॅडम!”

पुढचा पाऊण तास तिनं मला तो खेळ समजावला. प्रत्येकापुढे साठ कार्डं, ती आपण आपल्या मनानं निवडून जमवायची, त्याला डेक म्हणायचं. प्रत्येकाला वीस प्राण. आपल्या खेळीला एक कार्ड उचलायचं, जमेल ते मांडायचं, समोरच्याचे प्राण संपवायचे. मी अहवालात लिहिलं, ‘सदर कार्डांवरील मजकुराचा विषयाशी कोणताही संबंध आढळून आला नाही.’ सही केली, तारीख घातली. डबी परत देताना माझा हात जरा रेंगाळला. ते तिनं पाहिलं.

“मॅडम, रविवारी राजारामपुरीत खेळतोय आम्ही. येताय काय?”

माझं तेव्हा अठ्ठेचाळिसावं चालू होतं. रविवारी सकाळी मी घरी हरभरा सोलत बसले होते. ओल्या हरभऱ्याच्या पेंड्या नुकत्याच बाजारात आल्या होत्या. निम्मा सोलून झाल्यावर मी ताट यांच्यापुढे सरकवलं आणि म्हटलं, “मी जरा जाऊन येते.” यांनी चष्म्यावरून पाहिलं. “कुठे?” मी म्हटलं, “खेळायला.” लग्नाला तेवीस वर्षं झाली होती, पण यांच्या चेहऱ्यावर तो भाव मी पहिल्यांदाच पाहिला.

दुकान स्टेशनरीचं, खेळ त्याच्या माडीवर. जिना चढून गेले आणि एकदम शांतता पसरली. सात-आठ टेबलं, पंधरा-वीस पोरं, त्यातली निम्मी माझ्या खिडकीवर येऊन गेलेली. एक तर उठून उभाच राहिला. “मॅडम, मी फॉर्म भरलाय,” म्हणाला.

“बस रे,” मी म्हटलं. “मी हरायला आलेय.”

आणि हरले. त्या रविवारी सात, पुढच्या रविवारी नऊ सामने. ऋतुजानं तिच्याकडची जास्तीची कार्डं देऊन मला एक डेक बांधून दिला होता. कार्डांची इंग्रजी नावं माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून मी त्यांना मराठी नावं दिली. चिलखत घातलेला एक बेडूक होता, तो बेडूकराव. जळत्या पंखांचा एक मोठा पक्षी, तो राखगरुड. एक नुसती हात पसरून उभी असलेली म्हातारी, तिला मी आत्याबाई म्हणायचे, कारण ती आली की कुणालाच काही करता यायचं नाही. महिन्याभरात सगळी माडी “आत्याबाई आली रं!” म्हणून ओरडायला लागली.

हरले की मी म्हणायचे, “आज कार्डंच आली नाहीत.” ऋतुजा दोन रविवार ऐकून घेत होती. तिसऱ्या रविवारी तिनं माझ्यासमोर खुर्ची ओढली. कोल्हापूरच्या पोरी ‘येतो, जातो’ म्हणतात, आणि मोठ्यांशी बोलताना आवाज कमी करायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

“मॅडम, राग मानू नकासा. आत्ता तुम्ही कवा हरलासा?”

“शेवटच्या खेळीला. त्याचा गरुड आला ना.”

“न्हाय. तुम्ही तिसऱ्या खेळीलाच हरलासा. शेवटाला तुम्हाला फकस्त कळलं.”

तिनं कार्डं परत मांडली. तिसऱ्या खेळीला मी दोन गोष्टी करू शकत होते. मी पहिली दिसली ती केली, दुसरी पाहिलीच नाही. ती दुसरी वाट तिनं पुढे खेळून दाखवली, आणि त्या वाटेवर गरुड आला तरी मी जिंकत होते. मला आधी लाज वाटली, आणि मग लगेच, कसा कुणास ठाऊक, आनंद झाला. म्हणजे कार्डं येत होती! नशीब माझ्यावर रुसलेलं नव्हतं. चूक माझी होती, आणि माझी असेल तर ती मला सुधारता येणार होती. सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांचे निकाल लावत आले. आपण नापास होण्यात एवढी मोकळीक असते हे त्या दुपारी समजलं.

मी वही केली. कारकुनाला दुसरं काय सुचणार? प्रत्येक हरलेला सामना, कुठल्या खेळीला हरले, का हरले. ‘का’च्या रकान्यात पहिल्या दोन पानांवर अकरा ठिकाणी ‘नशीब’ लिहिलं होतं. ऋतुजानं लाल पेन मागितलं आणि त्यातली नऊ खोडली. उरलेल्या दोहोंवर बोट ठेवून म्हणाली, “हितं खरंच नशीब हुतं. ह्याचं दुःख करून उपेग न्हाय.”

डेकमधून तिनं माझा हंस काढला. निळ्या पाण्यावरचा पांढरा हंस, मला फार आवडायचा, पण त्यानं कधी एकही सामना जिंकून दिला नव्हता. “ह्यो कशाला ठेवलासा?” मी म्हटलं, छान दिसतो. “मॅडम, लग्नाला चाललासा काय?” बेडूकराव मात्र तिनं राहू दिला. दिसायला गबाळा, पण त्याची जीभ लांब, उडत्या पाखरालाही अडवू शकणारी.

सगळ्यात मोठी चूक तिनं डिसेंबरात पकडली. मी फार भरभर खेळायचे. समोरचा थांबलाय, त्याचा वेळ जातोय, या धसक्यानं हातातलं कार्ड टाकून मोकळी व्हायचे. ऋतुजानं माझं मनगटच धरलं. “मॅडम, खिडकीफुडं रांग लागल्यागत खेळतासा. हितं रांग न्हाय. ही खेळी तुमची हाय. बसा की निवांत.”

ही खेळी तुमची हाय. नोकरी, घर, सासूबाईंचं आजारपण, सगळ्यांच्या वेळा सांभाळता सांभाळता हे वाक्य मला कुणी म्हटलंच नव्हतं. मी हात मागे घेतला. कार्डांकडे पाहिलं. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, टेबलावर कुणाच्या तरी भडंगाचे शेंगदाणे सांडले होते. मी पूर्ण एक मिनिट विचार केला, आणि मग जे कार्ड टाकणार होते त्याच्या शेजारचं टाकलं. तो सामना मी जिंकले. माझा पहिला. माडीवरच्या पोरांनी बाकं बडवली, आणि ‘मी फॉर्म भरलाय’वाला हरलेला असूनही सगळ्यात जोरात बडवत होता.

माझी खिडकीची विद्याही तिथेच कामाला आली. समोरचा हातात काहीतरी जबरदस्त असल्याचा आव आणतो तेव्हा तो नेमका तसाच बसतो, जसा ट्रॉली उलटल्याचं सांगणारा उभा राहतो. अंग ताठ, डोळे माझ्या डोळ्यांत, आणि भुवया जराशा वर. ऋतुजाला मी हे सांगितलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. “ह्ये मला का न्हाय सांगितलासा? दोन वर्सं खेळतोय मी!” त्या दिवशी पहिल्यांदा मी तिला काहीतरी शिकवलं. दुपारच्या सुट्टीत आम्ही दोघी विभागाच्या खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या भुवया पाहत बसायचो आणि मी डब्यातली भाकरी मोडता मोडता सांगायचे, हा खरा, हा खोटा.

आता ऋतुजा पुण्यात नोकरी करते. रविवारी सकाळी फोन येतो, ‘नमस्कार’ वगैरे काही नाही, सरळ “मॅडम, ऐका, हातात चार कार्डं हायती...” मी गॅस बारीक करते आणि ऐकते.

पण त्या हिवाळ्यात तिचं सगळं अधांतरी होतं. पेपरातली भानगड घरी कळली होती. तिचे वडील, त्यांना ती आप्पा म्हणते, दुधाचा धंदा करतात, घरी सात म्हशी. त्यांनी तिला बजावलं होतं, “जानेवारीतली स्पर्धा खेळ. पैल्या आठात आलीस तर फुडचं बघू. न्हाय तर ती कार्डं बंद.” स्पर्धा कोल्हापुरातच, एका मंगल कार्यालयात होती. सांगली, सातारा, बेळगावकडून साठेक खेळाडू येणार होते. पहिले आठजण पुण्याच्या मोठ्या स्पर्धेला जाणार. ऋतुजाला पुण्याला जायचंच होतं. मला फक्त शेवटून पहिलं यायचं नव्हतं.

त्या दिवशी कार्यालयाच्या दारावर आधीच्या लग्नाचं तोरण तसंच होतं. साड्या नेसून येणाऱ्या बायकांसाठी ठेवलेल्या मोठ्या आरशासमोर दाढीवाली पोरं कार्डं पिसत बसली होती. प्रत्येकाला सहा सामने. मी पहिला हरले. मग दुसरा जिंकले. तिसरा जिंकले. चौथा जिंकले तेव्हा मला घाम फुटला. पाचवाही जिंकले आणि भिंतीवर शेवटच्या सामन्यांची यादी लागली. चार सामने जिंकलेली मी, आणि माझ्यासमोर चार सामने जिंकलेली ऋतुजा. जी जिंकेल ती आठात.

तिनं यादी वाचली, माझ्याकडे वळून पाहिलं आणि म्हणाली, “चला मॅडम.” बस्स एवढंच.

सामना तीन डावांचा. पहिल्या डावात मी हल्ला करायला हवा होता तिथे केला नाही. कार्ड हातातच ठेवलं. मनात हिशेब साधा होता. माझं काय, मी मजेला आलेली बाई. हिचं सगळं यावर अडकलंय. मी तो डाव हरले. कार्डं गोळा करताना ऋतुजा थांबली. मी शेवटी हातातून खाली ठेवलेल्या कार्डांकडे तिनं पाहिलं, त्यात ते न खेळलेलं कार्ड वरच होतं. तिचा चेहरा उतरला. मग संतापानं लाल झाला.

“ह्ये काय मॅडम?”

मी ते कार्ड बाकीच्यांखाली सरकवलं.

“दोन महिने मी तुम्हाला शिकवलं ते माझी कीव करायला व्हय? माझं मी जिंकतो, न्हाय तर माझं मी हरतो. परत असं केलासा तर उठून जाणार मी.”

आजूबाजूच्या दोन टेबलांवरची डोकी वळली. माझे कान तापले. त्या वयात कुणी माझ्यासाठी मुद्दाम हरलं असतं तर मला चाललं असतं का, हे मी स्वतःला विचारलं, आणि उत्तर यायला क्षणही लागला नाही. मी म्हटलं, “चुकलं. कार्डं पिस.”

दुसरा डाव मी जिंकले. तिसरा लांबला. शेवटी तिचे आठ प्राण उरले होते, माझे चार. तिच्यापुढे टेबल मोकळं होतं, हातात एकच कार्ड. माझ्याकडे बेडूकराव आणि आणखी तिघे. चौघांनी मिळून हल्ला केला असता तर सात प्राण गेले असते. एकच उरला असता! हात पुढे गेलासुद्धा. आणि तिनंच शिकवलेला प्रश्न आठवला. मी आता हरेन तर कशानं हरेन?

फक्त एकाच कार्डानं, मांडल्या मांडल्या उडत येऊन चार प्राण नेणाऱ्या. राखगरुड. तिच्या डेकमध्ये चार होते. तीन मी या डावात जाताना पाहिले होते. चौथा कुठे होता?

मी तिच्या भुवयांकडे पाहिलं नाही. ती विद्या मीच तिला सांगितली होती, तिनं चेहरा दगडासारखा ठेवला होता. मी नुसता विचार केला. निवांत, रांग नसल्यासारखा. हल्ल्याला गेलेलं कार्ड समोरच्याच्या खेळीला अडवायला उरत नाही, म्हणून बेडूकरावाला घरी ठेवलं आणि उरलेल्या तिघांनी हल्ला केला. पाच गेले, तीन उरले.

ऋतुजानं कार्ड उचललं. आधीचं हातातलं कार्ड खाली ठेवलं. राखगरुड. तिनं गरुडाकडे पाहिलं, त्याला अडवायला घरी बसलेल्या बेडकाकडे, पुढच्या खेळीला तिचे तीन प्राण नेणाऱ्या माझ्या तिघांकडे पाहिलं, आणि अशी खदखदून हसली की पंच धावत आले. तिनं माझा हात हातात घेतला आणि खुर्चीवरून उठत ओरडली, “जमलं की मॅडम! थांबलासा! थांबलासा की!” मला उठवून तिनं अक्षरशः एक गिरकी मारली.

आमच्या मागे एक गृहस्थ कितीतरी वेळ उभे होते. पांढरा शर्ट, हातात मोटारसायकलची किल्ली. मला वाटलं, कुठल्यातरी मुलाचे पालक असतील. त्यांनी शेजारच्या खेळाडूला विचारलं, “पावणं, जिंकलं कोण?”

“त्या मॅडम.”

“मग आमची पोरगी का नाचाय लागलीया?”

ऋतुजा जागच्या जागी थबकली. “आप्पा!” आणि तेव्हा कुठे तिला आठवलं की ती हरली आहे. हसू ओसरत गेलं.  मीच पुढे झाले. “कारण मला तिनं शिकवलंय,” मी म्हटलं. “दोन महिन्यांपूर्वी मला यातलं काही येत नव्हतं. जे येतं ते हिचं आहे.”

आप्पांनी मला नीट पाहिलं. “तुमी कालेजातल्या मॅडम न्हवं? त्यो कागुद लिव्हलेल्या?”

“हो.”

“शिकलासा किती?”

“एम.कॉम.”

“आन् हिनं तुमाला शिकवलं?”

“वही तपासून. लाल पेनानं.”

त्यांची किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात गेली. मग मुलीकडे न बघता त्यांनी विचारलं, “पुन्याला जायाला दुसरी वाट हाय का?”

“सांगलीला हाय अजून एक स्पर्धा. फुडच्या म्हैन्यात. पर आठात न्हाय आलो मी, आप्पा.”

“ते बगितलं मी. सांगलीला जा म्हणतोय.”

सांगलीत आठात येऊन ती पुण्याला गेलीच. त्या दिवशी मात्र आठांतला पहिला सामना मला खेळायचा होता, सांगलीच्या एका शांत, चष्मेवाल्या मुलीशी. मी सरळ दोन डावांत हरले. पण दुसऱ्या डावात, चौथ्या खेळीला, कार्ड टेबलावर ठेवताक्षणी मला माझी चूक दिसली. डाव संपल्यावर नाही, कुणी दाखवल्यावर नाही. त्याच क्षणी, माझी मला. हरत असताना मी एवढी खूश होते की त्या मुलीनं दोनदा विचारलं, “काकू, तुम्हाला बरं वाटतंय ना?”

बाहेर आलो तेव्हा ऊन कलतं होतं. कार्यालयाच्या फाटकाशी चहाच्या टपरीवर तिघांनी चहा घेतला, आणि आम्ही दोघी त्या चौथ्या खेळीवरून भांडायला लागलो. मी म्हणत होते, आत्याबाई आधी काढायला हवी होती. ऋतुजा म्हणत होती, न्हाय, आधी कार्डं उचलाय पायजे हुती. बाकावर आम्ही कार्डं मांडली, पुन्हा मांडली. चहा गार झाला. आप्पा मोटारसायकलला टेकून कधी हिच्या तोंडाकडे, कधी माझ्या तोंडाकडे बघत होते. बराच वेळ ऐकून घेतल्यावर त्यांनी ग्लास खाली ठेवला, शर्टाला हात पुसले आणि बाकाच्या कडेला येऊन बसले.

“थांबा जरा दोघी,” ते म्हणाले. “आदी मला सांगा, सुरवात कुनी करायची असती?”

ऋतुजानं माझ्याकडे पाहिलं. मी सगळी कार्डं गोळा केली, पिसली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

“तुम्ही,” मी म्हटलं.